हे कोणाचं डावं?

माझ्या आत्याला घरात सगळे 'दोनदा' म्हणायचे. कुलूप दोनदा ओढून बघायची, गॅस दोनदा तपासायची. तीस वर्षं तिने रुग्णालयात माणसांच्या आतले फोटो काढले. तिथेही प्रत्येकाला तेच: "डावीकडेच ना? हात लावून दाखवा." मी तिची नक्कल करायचे, आणि ती मला फार छान जमायची.

तिच्या खात्यात फोटो काढायचं यंत्र एका कंपनीचं, साठवायचं दुसरीचं, बघायचा पडदा तिसरीचा. तिघांची तोंडं तीन दिशांना. एकाचा फोटो दुसऱ्याकडे उघडेल तर शपथ! उशिरा का होईना, कंपन्यांना शहाणपण सुचलं. एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांनी आठवडाभर यंत्रं मांडली, वायरी जोडल्या आणि एकमेकांचे फोटो उघडून बघू लागले. रोज यंत्र हाताळणारं कुणी हवं म्हणून आत्याला बोलावलं.

गुरुवारी दुपारी चाचणीसाठी बनवलेल्या एका नमुन्याच्या डोक्याचा फोटो पलीकडच्या पडद्यावर झकास उघडला. इंजिनिअरांनी टाळ्या पिटल्या.

"उघडला खरा," आत्या म्हणाली, "पण हे कोणाचं डावं?"

नमुन्यातली गाठ उजवीकडे होती, पडद्यावर ती डावीकडे दिसत होती. एक कंपनी डोकं पायाकडून बघितल्यासारखं दाखवायची, दुसरी टाळूकडून. बाजू सांगणारं कोपऱ्यातलं अक्षर वाटेतच गळून पडलं होतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशा बरोबर माणसांची मला तेव्हापासून धास्ती वाटते.

आत्या मात्र पिशवीत फोन शोधायला लागली. हीच दोन यंत्रं सोमवारी तिच्या रुग्णालयात जोडली होती. आणि माझे बाबा, तिचे दादा, घसरून पडले म्हणून तिथेच दाखल होते. डोक्यात रक्त साकळलं होतं. सकाळी फोटो झाला, तीनला ऑपरेशन. घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाबांचा चष्मा धरून बसले होते. तिचा फोन आला.

"दादाला आत नेलं?"

"आत्ताच."

"दार वाजव. फोटोची बाजू उलटी असेल म्हणावं. कुणी ओरडलं तरी वाजव."

"आत्या, तू उगाच..." मी म्हटलं. त्या अर्ध्या वाक्याची मला आजही लाज वाटते. पण तिचा श्वास ऐकला आणि उठले.

मी दोन्ही हातांनी दार बडवलं. नर्स खेकसली. डॉक्टर हातमोजे घालूनच बाहेर आले, माझ्यावर चिडले आणि मग त्यांनी मूळ यंत्रावरचा फोटो बघायला माणूस धाडला. ती दहा मिनिटं मी दार अडवून उभी राहिले. माणूस धावत परत आला. त्यांनी खूण उजवीकडे केली होती. रक्त डावीकडे होतं.

बाबा वाचले. मी आत्याच्या गळ्यात पडून रडले. तिने मला बाजूला केलं.

"सोमवारपासून आणखी अकरा डोकी झालीत," ती म्हणाली.

तिने यादी काढली आणि खात्यातल्या फोनवरून एकेकाला गाठायला लागली. दहा जणांना फक्त औषधं दिली होती. अकरावा फोन एका बाईंनी उचलला.

"यांचं ना? तुमच्याकडचे फोटो नेऊन दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशन झालं की बुधवारी! छान झालं म्हणाले डॉक्टर. डोकं मात्र अजून तसंच दुखतंय म्हणतात."

"टाके कुठल्या बाजूला आहेत, ताई?"

"थांबा हं, बघून सांगते."