ऑर्व्हलच्या गोळ्या

युटाच्या डोंगराळ भागात राहणारी नेड्रा नवरा ऑर्व्हल गेल्यावरही दर शरदात हरणाच्या शिकारीला जायची. बंदुकीत घालायची त्या ऑर्व्हलने हयातीत शिसं वितळवून ओतलेल्या गोळ्या. मांस घरी आणायचं आणि आतडी डोंगरावरच पाखरांसाठी सोडायची, ही त्याचीच रीत. पाखरांचंही पोट भरतं, याचं तिला समाधान वाटे.

एका सकाळी कुंपणापाशी काँडोर गिधाड बसलेलं दिसलं. एवढं थोरलं पाखरू, पण त्याला मान वर धरवत नव्हती. शेजारची कार्मा या गिधाडांच्या दवाखान्यात कामाला होती. तिने ते उचलून नेलं आणि दोनेक दिवसांनी ती परत आली.

"गेलं गं, मावशी. शिकारीच्या आतड्यांतून गोळीतल्या शिशाचे कण पोटात गेले होते. त्या विषाने पोट लुळं पडलं; गळ्यापर्यंत अन्न भरलेलं, पण पुढे सरकेना. उपाशी मेलं."

"माझ्याच हरणातून?"

"ते कसं सांगू? शिकारी काय थोडे आहेत इथे?"

नेड्राने आत जाऊन ऑर्व्हलच्या गोळ्यांचा डबा आणला आणि कार्माच्या हाती दिला.

पुढच्या शरदात तिने बंदुकीत शिसं नसलेल्या तांब्याच्या गोळ्या भरल्या, तेव्हा दीर लव्हार हसला, "वहिनी, तांब्याच्या गोळीने हरीण मरेल, का नुसतं लाजेल?"

"तू आधी नेम धरायला शीक, मग गोळीला नावं ठेव."

हरीण एका गोळीत पडलं. आतडी उघड्यावर ठेवून नेड्रा खडकाआड बसून राहिली. दुपारी एक काँडोर उतरलं. ते पोटभर खाऊन उडालं, तेव्हा कुठे तिने मांसाचं ओझं पाठीवर घेतलं.