लाइन मी दिली होती

आमच्याकडे वीज येत नाही, लाइन येते. वीज हा शब्द दिंडोरी-निफाडकडच्या शेतकऱ्यांनी आभाळातल्या विजेसाठी राखून ठेवला आहे. मोटर चालते ती लाइनवर. नळाचं पाणीही लाइनमधूनच येतं आणि ती फुटली की गल्लीभर चिखल होतो. त्र्यंबकेश्वरला दर्शनाची लाइन, बाजार समितीबाहेर कांद्याच्या ट्रॅक्टरांची लाइन. कॉलेज रोडला पोरं मारतात ती वेगळी. लग्न जमवताना मुलगा कोणत्या लाइनमध्ये आहे असं विचारतात आणि त्याला नोकरी मिळाली की लाइनला लागला म्हणून पेढे वाटतात. माझी सून घरून काम करते. मी जरा मोठ्याने खोकलो तरी ती दारातून खुणावते, बाबा, मी लाइनवर आहे. हा शब्द टाळून जगता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

मी ज्या लाइनमध्ये होतो तिचीच गोष्ट सांगायची आहे. नाशिकपासून तासाभरावरच्या एका वीज उपकेंद्रात मी ऑपरेटर होतो. गावांकडे जाणाऱ्या लाइनी तिथून चालू-बंद करायच्या, एवढंच काम. खांबावर चढण्याआधी वायरमनने आमच्याकडून परवानगी घ्यायची. तिला परमिट म्हणत. ते लेखी घ्यायचं असा नियम होता. पण वायरमन आठ-दहा किलोमीटर लांब, द्राक्षाच्या बागा पाण्यावाचून, शेतकरी डोक्यावर. कागदासाठी कोण येणार? म्हणून सगळे फोनवरच परमिट घेत. वायरमन फोन करायचा, मी लाइन बंद करून ‘चढ’ म्हणायचो, आणि काम झालं की तो पुन्हा फोन करायचा.

यात घोटाळा होऊ नये म्हणून आम्हीच एक पद्धत पाडली होती. एका लाइनवर जितके वायरमन चढलेले, तितक्या लाल चिंध्या त्या लाइनच्या स्विचच्या हँडलला बांधायच्या. ज्याचा काम झाल्याचा फोन आला त्याची चिंधी सोडायची. हँडल मोकळं झाल्याशिवाय लाइन द्यायची नाही, म्हणजे चालू करायची नाही. ही पद्धत मीच सुरू केली होती, आणि मला तिचा अभिमान होता.

त्या दिवशी सकाळी एक तरुण वायरमन गावाजवळच्या खांबावर चढला. मी लाइन बंद केली, चिंधी बांधली. थोड्या वेळाने दुसऱ्याचा फोन आला. हा माझा जुना सोबती. आमची घरं म्हसरूळला एकाच कॉलनीत, मी त्याला भाऊ म्हणायचो आणि तो मला नाना.

“नाना, लाइन बंदच हाय तर मी पण चढून घेतो. ओढ्यापाशी तारेचा जंपर लय दिवसाचा लोंबतोय. चिंधी बांधा माझी.”

“बांधली. चढ.”

बांधली नव्हती. माझ्यासमोर एक बागायतदार उभा होता, त्याच्याशी वाद चालला होता. फवारणीला पाणी नाही म्हणून तो माझ्या सात पिढ्या काढत होता. फोन ठेवला आणि मी पुन्हा त्याच्याशी बोलायला लागलो. चिंधी टेबलाच्या खणातच राहिली.

मग तरुण वायरमनचा फोन आला, काम झालं म्हणून. मी त्याची चिंधी सोडली. हँडल मोकळं होतं. मी लाइन दिली.

शॉक बसून भाऊ ओढ्याच्या काठावर चिखलात पडला म्हणून वाचला. डावा हात कोपराखाली काढावा लागला. चुकून लाइन आली तरी माणूस वाचावा म्हणून तारेला जमिनीशी जोडायची साखळी सगळ्यांत मिळून एकच होती, आणि ती तरुण वायरमनकडे होती.

चौकशीला साहेब आले. भाऊ दवाखान्यातून एकच सांगत होता, मी फोन केला होता, नानांना विचारा. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, नाही आला. मला निवृत्तीला थोडीच वर्षं होती, मुलगी लग्नाची होती. पण ही कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी तोंडातून ‘नाही’ गेलं आणि पुढे मी ते ‘नाही’ सांभाळत बसलो. फोनची नोंद कोणी मागवली नाही; लेखी परमिट नाही, साखळी नाही, म्हणून दोष भाऊचा ठरला. मला तेव्हा काय वाटलं असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मी घरी गेलो, जेवलो, झोप लागली.

त्यानंतर काही वर्षं भाऊ भेटेल त्याला सांगायचा की त्याने फोन केला होता. लोक मान हलवायचे. टपरीवर एकजण त्याला चिडवायचा, फोन केला होतास तर उचलला कोणी, वेताळाने? हळूहळू त्याने सांगणं सोडलं. माझ्याशी बोलणं मात्र त्याने कधी सोडलं नाही. मला वाटायचं, त्याला माहीत आहे आणि त्याने मला माफ केलं आहे. तसं समजणं सोयीचं होतं.

गेल्या महिन्यात त्याचा मुलगा वायरमन म्हणून लागला. वहिनींनी चहाला बोलावलं. मुलगा पहिल्या दिवशी कामाला निघाला होता, नवे बूट घालून. भाऊने त्याला माझ्यादेखत बजावलं, “मी केलं तसं करू नको. फोन केल्याबिगर चढायचं नाय. मला वाटत राहिलं केला, केला. केलाच नव्हता मी.”

तो हे माझ्याकडे न बघता बोलला. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. हात गेला तो गेलाच, पण त्याची स्वतःची आठवणही मी काढून घेतली होती. चहा संपवून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. तो ओट्यावर एका हाताने शेंगा फोडत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं, “भाऊ, तू फोन केला होतास. मी चढ म्हणालो. चिंधी बांधली नाही. लाइन मी दिली.”

तो शेंगा फोडत राहिला. मग म्हणाला, “जंपरचं बोललो होतो?”

“हो. ओढ्यापाशी, लोंबतोय म्हणून.”

“म्हणजे केला होता.”

“केला होता.”

मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याने वहिनींना हाक मारली. त्या पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. तो म्हणाला, नाना काय म्हणतात ते ऐक. मी पुन्हा सगळं सांगितलं. वहिनी आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मी निघायला वळलो.

“बसा,” भाऊ म्हणाला. “पोरगा येईल ड्युटीवरनं. त्याला पण तुमच्याच तोंडानं सांगा.”

मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तो शेंगा फोडत होता. आम्ही मुलाची वाट बघत राहिलो.