नितळ पाण्याची भीती

हॉलमधल्या माशांच्या, खाऱ्या पाण्याच्या मोठ्या टाकीतलं थोडं पाणी मी आज तपासायला काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, आणि ते लालभडक झालं. म्हणजे नायट्रेट फार वाढलंय! टाकीतलं पाणी तर किती नितळ दिसतंय. माशांनी न खाल्लेला दाणा तळाशी कुजतो आणि त्याचं असं न दिसणारं विष होतं.

सासूबाई पानावर बसण्याआधी माशांना चिमूटभर खाणं घालतातच. "मुके जीव गं ते. त्यांच्याआधी माझा घास कसा उतरेल?" त्यांना काय सांगू? मलाही लेकाच्या ताटात आणखी एक पोळी वाढल्याशिवाय राहवत नाही. मायेचीच धास्ती वाटू लागली.

मी काचेजवळ गेले. सगळे मासे तोंडं उघडत माझ्या हाताकडे झेपावले. माझी मूठ रिकामी आहे ना, ते मी आधी पाहिलं.