लायनरवरचे कुंकू

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणे एकमेकांत मिसळून गेली. कोणता चोर कोणत्या गावचा, हे आता खात्रीने सांगता येत नाही. पण मोशीचा उतार डोळ्यांपुढे आला की त्या मोटारीची हकिगत जशीच्या तशी आठवते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते, आणि चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारीपेक्षा बैलगाडीचा हक्क मोठा होता. मी त्या भागात फौजदार होतो. बायको जाऊन दोन वर्षे झाली होती. क्वार्टरमध्ये मी आणि एक स्टोव्ह, एवढाच संसार होता.

एका सकाळी एक मोठी विलायती मोटार मोशीच्या उतारावर थांबता थांबली नाही. इंद्रायणीच्या पुलाअलीकडे तिने सायकलवरच्या एका गवळ्याला उडवले. त्याचा पाय मोडला, दूध रस्त्यावर सांडले. मोटार बाभळीला अडकून थांबली. मालक मागच्या सीटवर होते. त्यांना खरचटलेही नव्हते, मात्र त्यांचा फेटा सुटला होता आणि त्याचेच त्यांना जास्त वाईट वाटत होते.

हे गृहस्थ जुने जहागीरदार. जहागीर सरकारजमा झाली होती, पण ती बातमी त्यांच्या आवाजापर्यंत पोहोचायची होती.

ड्रायव्हर तिशीचा, मावळातला. मी जबाब घ्यायला बसलो, तेव्हा त्याने मला प्रश्नच विचारू दिला नाही.

"गाडी म्याच जोरात पळवली, साहेब. लिवून घ्या."

"ब्रेक लागला नाही का?"

"बिरेक ठीक हाय. माझीच चूक."

माझा हवालदार खूश झाला. एवढ्या सुखाने कबुली देणारा आरोपी त्याने नोकरीत पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, म्हणूनच मला ते रुचले नाही. माणूस चूक कबूल करतो तेव्हा सोबत एखादी सबब जोडतोच. ऊन होते, म्हैस आडवी आली, काहीतरी. याने काहीच जोडले नाही. शिवाय रस्त्यावरचे सगळे सांगत होते की हा गडी बैलगाडीच्याही मागे राहतो. शिक्षा झाली असती तर त्याची नोकरी गेली असती, लायसन्सही गेले असते. तरी तो तुरुंगाकडे असा निघाला होता, की जणू तिथे कोणी त्याची वाट पाहत होते.

दुपारी जहागीरदारांचा कारभारी खबर घेऊन आला. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला आतून घासून गाडी थांबवणारी पट्टी, चारच दिवसांपूर्वी बदलले होते. चिंचवडच्या ज्या मिस्त्रीकडून ते घेतले, तो म्हणे दिघीच्या लष्करी लिलावातला कुजका माल नवा म्हणून विकतो. खबर देणाऱ्याला कोणाचा तरी राग असतो, हे गृहीत धरून मी मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री पोटाने आणि स्वभावाने ऐसपैस होता. "या साहेब. चहा घेणार की झडती?"

"दोन्ही."

झडतीत लिलावाचा माल सापडला नाही. चहा बरा होता. मग त्याने लायनरच्या खरेदीची हकिगत सांगितली. त्याने दोन प्रकार पुढे ठेवले होते. कडक लायनर वर्षानुवर्षे टिकते, पण पाय जोरात दाबावा लागतो. सुती विणीचे मऊ लायनर लवकर झिजते, पण हलक्या पायाला धरते. मालकांचा हुकूम कडक घ्यायचा होता. ड्रायव्हरने अर्धा दिवस दोन्हींवर नख रोवून पाहिले आणि मऊ घेतले.

"मी म्हटलं, भाऊ, मालक ओरडतील. तर म्हणतो कसा, गाडी त्येंची हाय, पाय माझा हाय. अन् मला घरी जायचं असतंय."

मिस्त्रीने लायनर ब्रेकच्या बुटांवर, म्हणजे चाकातल्या लोखंडी कमानींवर, रिव्हेट मारून दिली. ड्रायव्हरने ते बूट घरी नेले आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या गॅरेजमध्ये स्वतःच बसवले.

मिस्त्रीला सोबत नेऊन पंचांसमक्ष पुढची चाके उघडली. लायनर काळी, तुकतुकीत झाली होती. मिस्त्री गडबडला. "ग्रीस गळलं असेल." मी वाकून वास घेतला. तो ग्रीसचा नव्हता. करपलेल्या करडईच्या तेलाचा होता. आमच्या घरी दोन वर्षांत फोडणीचा वास आला नव्हता, त्यामुळे तो ओळखायला मला वेळ लागला नाही. मग रिव्हेटच्या खोलगट भोकात लाल पूड दिसली.

"साहेब," मिस्त्री हात वर करून म्हणाला, "माझ्या दुकानात तेल मिळेल. कुंकू मिळणार नाही."

मी कोठडीपाशी जाऊन ड्रायव्हरला एवढेच विचारले, "घरी कोण असतं?" त्याने गज धरले. "तिला काई सांगू नका, साहेब. गाडी थांबली, तवाच मला वास आला. सहा महिनं शिक्षा झाली तरी चालंल. पण तिला कळलं तर ती जलमभर तेच उगाळत बसंल."

तिच्या जबाबाशिवाय त्याला सोडवता येत नव्हते. मी चिंचवडला गेलो. एका खोलीचे घर होते. त्याची बायको पंचविशीची, पदर सावरून दारात उभी राहिली. मी घरात आलेल्या लोखंडी वस्तूंबद्दल विचारले.

"व्हय. त्येंनी सांगितलं, हेच गाडी थांबवतंय. मंग म्या पुजलं. आमच्यात नवा फाळ आला तरी तेल, हळद-कुंकू लावत्यात. मालक त्येंना हप्ता-हप्ता बाहेरगावी नेत्यात, साहेब. जे त्येंना थांबवतंय, त्येला पुजायचं न्हाई तर काय?"

"तेल बरंच लावलं?"

"लई पीत हुतं ते. पुन्ना पुन्ना लावलं. सकाळी पुसून, फडक्यात बांधून दिलं."

मऊ लायनर तेल पिणारच. त्याने घरी परतता यावे म्हणून ते निवडले, तिने त्याच इच्छेने त्या लायनरला तेल पाजले. सपाटीवर काही जाणवले नाही, नवे लायनर तसेही सैलच धरते. उतारावर तापले, आणि प्यालेले तेल वर आले.

मी वही मिटली. पाणी मागितले. तांब्या देताना तिचा हात मध्येच थांबला. मी तेलाबद्दल का विचारले, ते तिला कळले होते.

मग ती म्हणाली, "मला कळलंय, हे त्येंना सांगू नका."

कोर्टात मी सांगितले की लायनर घरात ठेवलेले असताना त्याला खाण्याचे तेल लागले, आणि बसवणाऱ्याला ते माहीत नव्हते. मॅजिस्ट्रेटांनी विचारले, "तेल लागले कसे?"

"घरात पूजा झाली होती, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. त्यांच्याही घरी दसरा होत असावा. ड्रायव्हर सुटला. जहागीरदारांनी त्याला काढून टाकले, पण कारखान्याच्या ट्रकवर त्याला काम मिळाले. गवळ्याचा पाय जुळला, तरी तो थोडा लंगडतच राहिला. त्याला न्याय मिळाला असे मी म्हणणार नाही.

ती कोर्टाबाहेरच थांबली होती; तिथून दोघे रस्त्याला लागली. ती रिवाजाप्रमाणे मागे चालत होती, आणि तो वहाण नीट करण्याच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा थांबत होता. वहाणेला काही झाले नव्हते. तिला कळले आहे, हे मी त्याला सांगितले नव्हते.

आम्हाला गुन्ह्यामागे द्वेष, लोभ आणि दारू शोधायला शिकवले होते. मायेपायीही कोणाचा पाय मोडू शकतो, हे त्या प्रकरणाने शिकवले. तेव्हापासून पटकन कबुली देणाऱ्याला मी गुन्ह्याबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त विचारू लागलो.

त्या संध्याकाळी क्वार्टरवर गेलो आणि कुलूप काढून दारातच उभा राहिलो. माझी वाट पाहणारी कोणी आत असती, तर तिनेही कधीतरी अशीच चूक केली असती. ती मी आनंदाने पोटात घातली असती.