पूर्वेकडे पाय

लातूर नवा जिल्हा झाला आणि कचेऱ्यांमागोमाग रस्ते रुंदावू लागले. त्यांतला एक आमच्या ख्रिस्ती कबरस्तानाच्या कडेवरून जाणार होता. कडेची रांग आत हलवायची. जे सापडणार नाहीत ते रस्त्याखाली जातील, असे पाळकसाहेबांनी उपासनेनंतर सांगितले. त्याच रांगेत माझ्या आईचे वडील होते. त्यांना पुरले तेव्हा आई नांदेडला दवाखान्यात नर्स होती. ती पोहोचेपर्यंत माती लोटली गेली होती. पुढे लाकडी क्रूसही वाळवीने खाल्ला.

दुष्काळाचे वर्ष होते. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. भर दुपारी, कडुनिंबाखालच्या भेगेवर मी तळवा धरला. आतून गार हवा येत होती, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी थांबून थांबून. तिला भस्माचा वास होता. ख्रिस्ती कबरस्तानात भस्म कुठले?

आमच्यात मृताचे पाय पूर्वेकडे ठेवतात. पुनरुत्थानाच्या सकाळी तो उठेल, तेव्हा तोंड उजेडाकडे असावे म्हणून. मजुरांनी त्याच बेताने लांब चर खणला. हाती काहीच आले नाही. पहार आदळली की जवळच कुठेतरी पोकळ घुमायचे.

"बाप गेला कुठं माझा?" आई हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी औशाहून तिचे काका आले. आजोबांचे हे धाकटे भाऊ लिंगायतच राहिलेले. कपाळी भस्माचे पट्टे. चराकडे पाहून ते हसले.

"लांबडा चर कशाला उकरायलात? दादाला आडवं केलंच न्हाई आम्ही. बसवलंय, आपल्या रीतीनं, भस्म भरून. तुमचे पाळक गावात नव्हते."

भेगेपाशी खोल खणल्यावर मातीचा पापुद्रा ढासळला. आधी गुडघे दिसले. कवटी छातीवर उतरली होती, काही ऐकत असल्यासारखी.

"आता तरी नीट निजवू," पाळकसाहेब म्हणाले.

"का? तुमच्या येशूला बसलेला माणूस उठवणं जड जातंय व्हय?"

उत्तर आईने दिले.

"त्याला काय जड, काका. हाक मारणारा आडवा का बसका बघत न्हाई. पण लई वर्षं बसलाय बाप. पाठ टेकू द्या."

खांद्यावरचे उपरणे काढून काकांनी ते अस्थींसाठी खड्ड्याच्या काठावर अंथरले.

नव्या कबरीत आईने अस्थी मांडल्या, पाय पूर्वेला. कवटी मात्र राहीना. सरळ ठेवली की ती कलायची, आणि दर वेळी काका उभे होते त्याच बाजूला. मजूर मागे सरकले. शेवटी काका काठाला धरून खाली उतरले, उशाशी बसले आणि कवटीवर हात ठेवला.

"नीज, दादा. पोरगी म्हणते तसं."

त्यांनी हात काढून घेतला. कवटी हलली नाही. वर येताना त्यांनी मागे पाहिले नाही, आणि आईने पहिली मूठ माती त्यांच्याच हाती दिली.