डाव्या बाजूची शिवण

कुणी बाई एकाच बाजूची शिवण उसवायला घेऊन आली की मी मशीन थांबवते, दार लोटते आणि सरळ विचारते, "गाठबीठ लागते का हाताला?" काहीजणी तोंड वाकडं करून ब्लाउज उचलतात आणि निघून जातात. नायगावात दुसऱ्या शिंप्यांची वाण नाही. जाऊ देत. समोरच्या खोलीतल्या वहिनींना मी हे विचारलं नव्हतं. त्या गेल्या त्याला आता वर्ष होईल.

वीसेक वर्षं मी चाळीत ब्लाउज शिवतेय. माझ्या फिटिंगचं लालबागपर्यंत नाव आहे, आणि ते मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. अंगावरून माप मी क्वचितच घेते. बायका नीट बसणारा जुना ब्लाउज आणून देतात, त्यावरून मी बेतते. ज्यांचे ढिगाने ब्लाउज शिवले, त्यांच्या अंगाला माझा हातही लागलेला नसतो.

तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या हॉलमध्ये एक डॉक्टरीणबाई स्तनाच्या कॅन्सरची माहिती द्यायला आल्या होत्या. ओढणीआड खिदळणाऱ्या पोरींना मीच दटावलं. बाई चित्रं दाखवून सांगत होत्या, गाठ दुखतेच असं नाही. एक बाजू सुजली, आकार बदलला, कातडी ओढल्यासारखी दिसली, तरी वाट बघू नका, लगेच दाखवा. मी मान डोलावली. नंतर आमच्या मजल्यावर घरोघरी पत्रकं वाटायलाही मीच पुढे. वहिनींच्या हातातही मीच दिलं.

महिनाभरात वहिनी ब्लाउज घेऊन आल्या. "डावीकडे घट्ट होतंय गो. जरा उसवून दे."

"अर्ध्याच जाड व्हायचं ठरवलंत की काय?" मी म्हटलं. त्या हसल्या, मीही हसले. शिवणीत मी नेहमी थोडं जादा कापड ठेवते, आम्ही त्याला माया म्हणतो. डावी शिवण उसवली, बोटभर सैल करून दिली. दोन महिन्यांनी त्या दुसरा ब्लाउज घेऊन आल्या, पुन्हा डावीकडेच. तोही सैल केला. तिसऱ्या खेपेला माया संपली होती, म्हणून काखेखाली पट्टी जोडली आणि कापडावरची वेल बरोबर जुळवली.

"जोड दिसतोय का सांगा बघू," मी तोऱ्यात म्हटलं.

वहिनी तो ब्लाउज हातात धरून उभ्याच राहिल्या. "आणखी काही होतं का?" मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. माझ्यापुढे एका लग्नाचे ब्लाउज पडले होते, मी पुन्हा पायडल मारायला लागले.

दिवाळीनंतर त्यांच्या मुलीने त्यांना परळच्या इस्पितळात नेलं. तोवर आजार काखेपर्यंत पोहोचला होता. ही बातमी कानावर आली तेव्हा माझ्या हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली. डॉक्टरीणबाईंनी चित्रात दाखवलेलं माझ्या हातात तीनदा आलं होतं आणि तीनदा मी त्याला जागा करून दिली होती. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या तरी समोरचं दार ओलांडायची हिंमत होईना. पंधरा दिवस मी त्यांना टाळलं.

शेवटी गेले. वहिनी खिडकीजवळच्या कॉटवर टेकून बसल्या होत्या. मुलगी चहा ठेवायला आत वळली, तेवढ्यात मी रडू आवरत म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

वहिनींनी माझा हात धरला. "माझ्या लक्षात आलं होतं गो. तू दिलेलं पत्रक वाचलं होतं मी. आंघोळीला बसले की हाताला लागायचं. पण यांच्यापुढे तोंडातून शब्द निघेना. पोरीचं लग्न जमत होतं, तिला कुठून सांगू? म्हटलं, तुझ्याकडे जावं. एकाच बाजूला का, म्हणून तू विचारशील, की मग सांगून टाकेन. तेवढ्यासाठी तीनदा आले. आणि दर खेपेला तू हसत हसत उसवून दिलंस."