चांद्या पाय देतो

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली आहेत. जामसिंग पावरा उकिडवा बसला आहे. समोर कोमट लाल औषधाच्या पाण्याची बादली, मांडीवर जुन्या धोतराची पट्टी. धुळ्याहून सोनगीरकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला ही पांजरापोळ आहे. शहरातल्या मारवाडी जैन व्यापाऱ्यांनी म्हाताऱ्या, लंगड्या आणि सोडून दिलेल्या जनावरांसाठी ती बांधली. जामसिंगच्या समोर त्यातलाच एक बैल उभा आहे. त्याचं नाव चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका, एक शिंग अर्धं तुटलेलं, आणि पुढच्या उजव्या पायाच्या खुरात सड.

रोजची रीत अशी. जामसिंग त्याला हात लावत नाही. एका बुटक्या ओंडक्यावर दोनदा तळवा थोपटतो आणि वाट बघतो. चांद्या वजन डाव्या पायावर घेतो, थोडा विचार केल्यासारखा थांबतो आणि दुखरा पाय ओंडक्यावर ठेवतो. जामसिंग ‘हां’ म्हणतो. बैलाच्या तोंडाजवळ उभी असलेली त्याची बायको दगडीबाई लगेच गुळाचा खडा देते. मग खूर धुतला जातो. पाय मध्येच खाली गेला तर कोणी ओरडत नाही, गूळ थांबतो एवढंच. पुन्हा ओंडका थोपटायचा, पुन्हा थांबायचं. चांगल्या दिवशी अर्ध्या तासात पट्टी बांधून होते. गुडघे धरून उठायला जामसिंगला मात्र दगडीबाईचा हात लागतो.

जामसिंग शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा. पावसावरची ज्वारी, मोहाची फुलं, तेंदूपानं, आणि उरलेल्या महिन्यांत मजुरी. बैल पराणीच्या टोकाने चालतो, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. इथे आल्यावरही पहिली काही वर्षं त्याने तसंच काम केलं. जनावराला औषध द्यायचं म्हणजे दोर टाकून पाडायचं. गेल्या वर्षी चांद्याला असंच पाडलं. पडताना त्याने भटू नावाच्या गड्याच्या दोन बरगड्या मोडल्या, आणि आडवा झाल्यावर त्याचं पोट इतकं फुगलं की उठेपर्यंत सगळ्यांनी आशा सोडली होती. तेव्हापासून दोर दिसला तरी तो भिंतीला चिकटतो. जामसिंगने खांद्यावर दोर टाकायची सवय त्यासाठीच मोडली.

गुळाची रीत पशुवैद्य डॉ. ललित यांची. ते आधी कुत्र्यांबरोबर असं काम करायचे. बैलावर जामसिंगचा भरवसा बसेना, म्हणून डॉक्टरांनी त्याला आधी बकरीवर हात बसवायला सांगितला. वजनकाट्यावर चढली की मूठभर हरभरा. बकरी दोन दिवसांत शिकली आणि त्यानंतर दिवसभर काट्यावरच उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघू लागली.

“बकरी हुशार शे,” दगडीबाई म्हणाली होती. “तिनी तुले कामले लाई दिधं.”

घोडीला नाल काढून घ्यायला आठवडा लागला. चांद्याला चार महिने लागले. डॉक्टरांच्या मते तो मठ्ठ नव्हता. त्याला आठवत होतं, म्हणून वेळ लागला.

त्यानंतर अमावस्या आडवी आली.

अमावस्येला शहरातली कुटुंबं गाड्या भरून लापशी आणि गूळ आणतात आणि कठड्यावरून जनावरांना स्वतःच्या हाताने भरवतात. पैसे देऊन मोकळं होणं त्यांना पुरत नाही. ट्रस्टचे एक विश्वस्त अभयकुमार यांच्या आई सूरजबाई ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांचे यजमान अमावस्येला गेले, म्हणून त्या एकही अमावस्या चुकवत नाहीत. चांद्या त्यांची गाडी दिसताच कठड्यावर शिंग आपटायचा. “ओळखतो मला,” असं म्हणून त्या पहिली मूठ त्यालाच द्यायच्या. इतर लोकही तेच करत. जो जास्त आवाज करतो त्याला जास्त भूक, हा साधा हिशोब.

चांद्याने दुसरा हिशोब मांडला. शिंग आपटलं की गूळ मिळतो, आणि तोही दुखरा पाय न उचलता. दर अमावस्येनंतर दोन-तीन दिवस तो ओंडक्याकडे बघतही नसे. पट्टी कुजायची. सड पुन्हा वर सरकायची. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा निघालं, की ही सवय मुळात जामसिंगनेच लावली होती. सुरुवातीला बैल आपटायला लागला की गप्प बसावा म्हणून तो गूळ द्यायचा.

गेल्या अमावस्येला अभयकुमारांची सून प्रियल हिचं मनगट शिंग आणि कठडा यांच्यामध्ये सापडलं. हाड वाचलं. अभयकुमारांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, “आणखी एक अमावस्या बघतो. कोणाला लागलं तर याला मागच्या आवारात टाका.”

मागच्या आवारात मूत आणि पाणी साचतं, पाय टेकायला कोरडी जागा नाही. तिथे सड हाडापर्यंत जाईल आणि चांद्या बसेल. बसलेल्या बैलाला इथे कोणी मारत नाही. तो आपला आपण मरतो, आणि त्याला आठवडे लागतात. जामसिंगने असे तीन बैल सांभाळले आहेत. चौथा सांभाळायची ताकद राहिली नाही, असं तो डॉक्टरांना म्हणाला.

मग तो एकदा सूरजबाईंकडे गेला. त्या ओट्यावर बसल्या होत्या. त्याने ओंडका, गूळ, पाय असं सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“जनावराकडून आधी काम करून घ्यायचं आणि मग खायला घालायचं? हे दान नाही. ही मजुरी झाली.”

“मीबी मजुरीवरच खातो, अक्का.”

“तू माणूस आहेस. तुला सोडून जाता येतं.”

जामसिंग म्हणाला, “पायाचं माझ्याकडे. तुम्ही गूळ द्याच. फक्त शिंग आपटत असला तर देऊ नका. थांबला की द्या.”

“म्हणजे तो बोलावतो तेव्हा जायचं नाही?”

“नाही जायचं.”

सूरजबाईंनी हातातली माळ खाली ठेवली. “आमचे हे ताट आपटून बोलवायचे,” त्या म्हणाल्या. “मी प्रत्येक वेळी गेले. म्हणून शेवटपर्यंत आपटत राहिले.”

आत बसलेली प्रियल हसली. सूरजबाई हसल्या नाहीत. “बघू,” म्हणाल्या.

काल अमावस्या झाली, बुधवारी. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, की मिळेनासं झालं की जनावर सोडून देण्याआधी दुप्पट आपटतं. तसंच झालं. सूरजबाई कठड्यापासून दोन हात लांब, ताट घेऊन उभ्या. चांद्याने शिंग आपटलं, मग पुन्हा, मग इतक्या जोरात की कठड्याचा लोखंडी पाइप वाजला.

“आई, पुरे. चल,” अभयकुमार म्हणाले.

“तू बस गाडीत.” त्यांनी बैलाकडे पाठ केली.

आवाज चालू राहिला, मग तुटक झाला, मग थांबला. सूरजबाई वळल्या आणि मूठभर गूळ दिला. त्याने लगेच पुन्हा आपटलं. त्यांनी पुन्हा पाठ केली. दुपारपर्यंत हे चाललं. मग त्यांचे पाय भरून आले आणि त्या घरी गेल्या.

बाकीच्या गाड्या संध्याकाळपर्यंत येत राहिल्या. जामसिंग कठड्यासमोर उभा राहून प्रत्येकाला तेच सांगत होता. काहींनी ऐकलं. एका गृहस्थाने “आता तू आम्हाला धर्म शिकवणार का?” असं विचारत त्याच्या कोपराखालून गुळाचं ढेकूळ सरकवलं, नेमकी बैल आपटत असताना. असं एकही ढेकूळ मिळालं तर तो आणखी चिवट होतो, हे जामसिंगला माहीत होतं. त्याने ते ढेकूळ चांद्याच्या तोंडात जाताना पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे वळला.

कोणाला लागलं नाही. दिवे लागताना अभयकुमारांनी फोनवर सांगितलं, “पुढच्या अमावस्येपर्यंत राहू दे. मग बघू.” पुढची अमावस्या महिन्याने येणार, त्यानंतर तिच्या पुढची.

“बठ्ठासनं पोट भरनं, तुनंच ऱ्हायनं,” दगडीबाईने सकाळपासून उपाशी नवऱ्यापुढे भाकरी धरली. जामसिंगने उभ्यानेच अर्धी खाल्ली. चांद्या पोट भरून, डोळे मिटून रवंथ करत होता. दुखरा पाय जमिनीला जेमतेम टेकलेला.

आज गुरुवार. पाच दहाला बसलेला जामसिंग सहा वाजले तरी ओंडका थोपटत होता. चांद्याने दोनदा कठड्यावर शिंग आपटलं आणि कोणी वळून पाहिलं नाही तेव्हा थांबला. साडेसहाच्या सुमारास त्याने पाय उचलला, ओंडक्याच्या कडेला टेकवला आणि लगेच खाली घेतला.

“हां,” जामसिंग म्हणाला. दगडीबाईने खडा दिला. पट्टी आज बदलता आली नाही.

डॉ. ललित शुक्रवारी सकाळी साडेआठला येऊन जखम बघतात. उद्या शुक्रवार आहे. त्याआधी, पाच वाजून दहा मिनिटांनी, बादली पुन्हा ओंडक्याजवळ ठेवायची आहे.